'आयुष्यभराचं' तेल नक्की कोणाच्या आयुष्याचं?

ऑस्ट्रेलियात येऊन चार-पाच वर्षं झाली, की आपल्यापैकी बऱ्याच जणांना एक मोह होतो. घरची जुनी कोरोला इमानेइतबारे चालत असते. पण रात्री झोपण्याआधी फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना एखादी युरोपियन आलिशान सेदान समोर येते. २००६ चं मॉडेल, एक लाख ऐंशी हजार किलोमीटर, चामड्याच्या सीट, लाकडी डॅशबोर्ड, छताला काच. नवी होती तेव्हा किंमत लाख डॉलरच्या वर. आता? आठ-नऊ हजार.

या मोहाला आम्हीही बळी पडलो होतो. दीड वर्ष गाडी लोण्यासारखी चालली. मग पुण्याहून आई-बाबा आले. त्यांना घेऊन मेलबर्नहून सिडनीला निघालो, आणि ह्यूम हायवेवर आल्बरी जवळ आलं असताना डॅशबोर्डवर पिवळं चिन्ह पेटलं. गाडीला एक हिसका बसला आणि ती एकाच गिअरमध्ये अडकून बसली. उरलेला रस्ता आम्ही हायवेच्या कडेकडेने, ट्रकवाल्यांचे हॉर्न खात कापला. बाबा मागच्या सीटवर एकदम गप्प झाले होते.

दोन दिवसांनी गिअरबॉक्सवाल्याने फोन केला. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "याचं तेल शेवटचं कधी बदललं होतं?" मी ऐटीत सांगितलं, की सर्व्हिस बुकमध्ये तर लिहिलंय, या तेलाला बदलायची गरज नाही, ते आयुष्यभराचं आहे. तो म्हणाला, "हो, पण कोणाच्या आयुष्याचं?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे समजलं, ते आज तुमच्यासमोर मांडतो. अशी गाडी तुमच्या दारात असेल किंवा यायच्या बेतात असेल, तर ही माहिती तुमचे काही हजार डॉलर वाचवू शकते.

दोन पंखे आणि एक सूर्यमाला

आधी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात काय असतं ते पाहू.

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसरा आपोआप फिरू लागेल. हवेच्या जागी तेल भरलं आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात ठेवले, की झाला टॉर्क कन्व्हर्टर. एक पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. मध्ये तिसरं छोटं चक्र असतं, ते परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवतं आणि त्यामुळे गाडी उचलताना टॉर्क जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन बंद का पडत नाही, याचं उत्तर हेच: दोघांमध्ये लोखंडाची जोडणी नाही, फक्त तेल आहे. ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची. त्याने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं, तेही मोटारींसाठी नाही, जहाजांसाठी.

त्याच्या मागे असते गिअरांची सूर्यमाला. मधला गिअर सूर्य, त्याच्याभोवती फिरणारे ग्रह आणि सगळ्यांना वेढणारं दातेरी कडं. यातला कोणता भाग धरून ठेवायचा आणि कोणता फिरू द्यायचा, यावर बाहेर पडणारा वेग ठरतो. धरण्याचं आणि सोडण्याचं काम तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा करतात.

उदाहरण म्हणून झेडएफ या जर्मन कंपनीचा '६एचपी२६' गिअरबॉक्स घेऊ. नावातच सगळं आहे: सहा गिअर, एच म्हणजे हायड्रॉलिक, पी म्हणजे प्लॅनेटरी. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये तो पहिल्यांदा आला. पुढे जॅग्वार, ऑडी, लँड रोव्हर अशा अनेक गाड्यांत तो किंवा त्याची भावंडं बसली. यात क्लच आणि ब्रेक मिळून फक्त पाच घटक आहेत: ए, बी, सी, डी आणि ई. प्रत्येक गिअरला त्यातले बरोबर दोन धरलेले असतात. पाचांतून दोन निवडायच्या रीती दहा. त्यांतल्या सात वापरल्या, की सहा पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स!

पहिला गिअर म्हणजे ए आणि डी. दुसरा ए-सी, तिसरा ए-बी, चौथा ए-ई, पाचवा बी-ई, सहावा सी-ई आणि रिव्हर्स बी-डी. नीट पाहा, शेजारच्या गिअरमध्ये जाताना एकच घटक सुटतो आणि एकच धरला जातो. रिले शर्यतीत बॅटन देतात तसं. सोडणारा लवकर सुटला तर इंजिन मोकाट ओरडतं, उशिरा सुटला तर गाडीला हिसका बसतो. ही देवाणघेवाण सेकंदाच्या काही दशांश भागात होते आणि ती होते तेलाच्या दाबावर.

या तक्त्याचा एक व्यावहारिक उपयोगही आहे. गाडी पहिल्या तीन गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये ठीक चालते, पण चौथ्यापासून पुढे घसरते? मग चौथा, पाचवा आणि सहावा या तिघांत समान असलेल्या ई क्लचवर संशय घ्यायचा. पहिला आणि रिव्हर्स दोन्ही उशिरा लागतात? मग डी. मेकॅनिकने "अख्खा गिअरबॉक्स बदला" म्हटलं, तर निदान दोन नेमके प्रश्न विचारण्याइतकं तुम्हाला आता माहीत आहे.

भज्यांच्या कढईतलं तेल

या डब्यात साधारण नऊ-दहा लिटर तेल असतं आणि त्याच्या डोक्यावर एकाच वेळी पाच कामं असतात. इंजिनची ताकद पुढे नेणं, क्लच दाबणं, गिअरांना वंगण देणं, उष्णता बाहेर नेणं, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे घर्षण हवं तेवढंच ठेवणं. इंजिन ऑइलला घर्षण कमी केलं की शाबासकी मिळते. इथे क्लच धरताना घर्षण हवं, पण ते मुलायमपणे वाढायला हवं. त्यासाठी तेलात खास रसायनं मिसळलेली असतात.

आता भज्यांची कढई आठवा. पहिल्या घाण्याचं तेल सोनेरी, दहाव्या घाण्याचं काळपट. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तेलाचे रेणू बदलतात. गिअरबॉक्समध्ये तेच होतं, फक्त सावकाश. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम सांगतो, की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे ८० अंशांऐवजी ११० अंशांवर राहिलेलं तेल ढोबळमानाने आठपट वेगाने म्हातारं होतं.

इथे ऑस्ट्रेलियाचा उन्हाळा मध्ये येतो. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नमध्ये ४६.४ अंश तापमान नोंदलं गेलं. रेडिएटर उष्णता फेकतो ती कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. कूलंट ९० अंशांवर आणि हवा २० वर असेल तर फरक ७० अंशांचा. हवा ४६ वर गेली की फरक उरतो ४४. बाकी सगळं सारखं धरलं, तर थंड करण्याची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटली. अशा दिवशी मागे कॅराव्हॅन लावून डोंगर चढायचा म्हणजे गिअरबॉक्सची खरी परीक्षा.

तेलातली रसायनं संपत आली, की एक ओळखीचं लक्षण दिसतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये पेट्रोल वाचवण्यासाठी एक लॉक-अप क्लच असतो. तो दोन्ही पंख्यांना जोडतो, पण बऱ्याच गाड्यांत मुद्दाम किंचित घसरू देतो, म्हणजे इंजिनची थरथर आत पोचत नाही. तेल थकलं, की ही मुलायम घसरण जाऊन 'धर-सोड, धर-सोड' सुरू होतं. फरशीवर जड खुर्ची ओढताना ती करकरत, थरथरत सरकते ना, तसंच. साठ ते ऐंशीच्या वेगाला, पायाचा दाब हलका असताना, गाडी खडबडीत पट्ट्यांवरून जातेय असं क्षणभर वाटतं. आमच्या गाडीत हे सहा महिने होत होतं. मी टायरवाल्याकडे जाऊन दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं!

'लाइफटाइम' म्हणजे किती?

मग कंपन्यांनी 'आयुष्यभराचं तेल' असं का लिहिलं?

त्यात निव्वळ लबाडी नव्हती. नव्वदच्या दशकात सिंथेटिक तेलं आली, ती आधीच्या तेलांपेक्षा खरोखर जास्त टिकत. मर्सिडीजचा १९९६ च्या सुमाराचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स तर तेल मोजायच्या पट्टीशिवायच आला. नळी होती, पण वरून सील केलेली. काही वर्षांनी मर्सिडीजनेच तेल बदलण्याचं अंतर ठरवून दिलं.

पण 'आयुष्य' या शब्दाचा अर्थ कोण लावतो हे महत्त्वाचं. नवी आलिशान गाडी घेणारा माणूस बहुधा लीजवर घेतो आणि तीन-चार वर्षांनी परत करतो. त्याला सर्व्हिसचा खर्च कमी दिसायला हवा असतो. त्या काळात तेल नक्कीच टिकतं. गाडी दीड लाख किलोमीटर ओलांडते तेव्हा तिचा मालक तिसरा किंवा चौथा असतो, म्हणजे तुम्ही किंवा मी. ज्या झेडएफने गिअरबॉक्स बनवला, ती कंपनी स्वतः मात्र सांगते की वापराप्रमाणे ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा आठ वर्षांनी, तेल बदला. गाडीच्या पुस्तकात एक आणि गिअरबॉक्स बनवणाऱ्याच्या कागदावर दुसरं. दुसरा कागद वाचायचा हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आल्बरी आणि कटिंग चहा

योगायोग असा, की आमची गाडी बंद पडली त्या आल्बरी शहरातच अनेक दशकं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनत होते. बोर्ग-वॉर्नरचा कारखाना, पुढे तो बीटीआरकडे, मग आयऑन, मग डीएसआय अशा नावांनी चालला. ऑस्ट्रेलियन फोर्ड फाल्कनचे गिअरबॉक्स तिथून येत. २००९ मध्ये चीनच्या गीली कंपनीने तो विकत घेतला आणि पुढे तिथलं उत्पादन थांबलं.

२००५ च्या बीएफ मालिकेपासून फाल्कनच्या वरच्या मॉडेलांत झेडएफचा तोच सहा गिअरांचा जर्मन गिअरबॉक्स आला. म्हणून फेअरलेन, एलटीडी, टेरिटरी या गाड्यांचे मेकॅनिक इथे या गिअरबॉक्सची नस चांगली ओळखतात. युरोपियन गाडी असली, तरी या मंडळींचा अनुभव तुमच्या कामाचा आहे.

त्यांना सगळ्यांत परिचित असलेला रोग असा. गिअरबॉक्सचं तेल थंड करायला एक छोटा हीट एक्स्चेंजर असतो. पातळ धातूच्या भिंतीच्या एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला इंजिनचं कूलंट. वर्षानुवर्षांच्या गंजाने ही भिंत झिरपू लागली, की कूलंट तेलात मिसळतं आणि त्याचा रंग थेट कटिंग चहासारखा दुधाळ होतो. क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदासारख्या धाग्यांचं असतं आणि डिंकाने चिकटवलेलं. पाणी आणि ग्लायकॉल त्या अस्तरात शिरतात, डिंक सोडवतात, आणि निरोगी गिअरबॉक्स थोड्याच दिवसांत भंगारात जातो. २००० च्या आसपासच्या काही मर्सिडीजमध्ये रेडिएटरमधूनच हे घडत असे. म्हणून जुन्या गाडीत असा एक्स्चेंजर असेल, तर तो फुटायची वाट न पाहता बदलणं, किंवा हवेवर चालणारा वेगळा कूलर बसवणं, हे तेल बदलण्याइतकंच महत्त्वाचं आहे. कूलंट वेळच्या वेळी बदललं तर गंजही उशिरा लागतो.

तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला?

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. "त्याने तेल बदललं आणि पंधरा दिवसांत गिअरबॉक्स बसला. जुन्या तेलाला हात लावू नये!"

विचार करा, लोक तेल बदलायला कधी जातात? गाडी हिसके द्यायला लागल्यावर. म्हणजे अशा गाड्यांत आधीच आजारी असलेल्यांचा भरणा जास्त. हॉस्पिटलमध्ये माणसं जास्त मरतात म्हणून हॉस्पिटलमुळे माणसं मरतात, असं आपण म्हणत नाही. झिजलेला क्लच नवं तेल पुन्हा जाड करू शकत नाही, एवढं मात्र खरं. तेल बदलणं हा पथ्याचा भाग आहे, शस्त्रक्रियेचा नाही. अगदी दुर्लक्षित गिअरबॉक्सला दाबाने फ्लश करणं टाळावं, कारण साचलेली घाण उठून बारीक व्हॉल्व्हमध्ये अडकू शकते. नुसतं चेंबर उघडून तेल आणि फिल्टर बदलणं जास्त सौम्य.

चेंबर उघडलं तरी सगळं तेल निघत नाही, निम्मं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं. समजा निम्मं निघालं. पहिल्या खेपेला ५० टक्के नवं, काही महिन्यांनी दुसऱ्या खेपेला ७५ टक्के, तिसऱ्या खेपेला ८७.५ टक्के. घाई नको, गणित आपल्या बाजूने आहे.

काम देताना तीन गोष्टी विचारा. पहिली, तेल गाडीच्या पुस्तकातल्या नेमक्या प्रतीचंच आहे ना? 'सगळ्या गाड्यांना चालणारं' तेल इथे नको, कारण घर्षणाचं रसायन वेगळं असतं. दुसरी, ६एचपी२६ सारख्या गिअरबॉक्समध्ये फिल्टर प्लॅस्टिकच्या चेंबरमध्येच असतो, म्हणून अख्खं चेंबर बदलणार ना? त्याच वेळी इलेक्ट्रिक जोडणीभोवतीचं सील बदलून घ्या, ते कडक होऊन गळतं. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची: पातळी तापमान मोजून तपासणार ना? तेल तापलं की फुगतं. नऊ लिटर तेल २० वरून ८० अंशांवर गेलं, तर जवळजवळ ४०० मिलिलिटर वाढतं. म्हणून या गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असतानाच पातळी बघतात. कमी भरलं तर पंप हवा ओढतो, जास्त भरलं तर फेस होतो. दोन्हींत दाब ढासळतो.

विकत घेण्याआधी

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, की इंजिन गार ठेवा. गरम गाडी बरेच दोष लपवते. ब्रेक दाबून आर मधून डी मध्ये टाका. सेकंदभरात हलकेच धरलं तर ठीक, दोन-तीन सेकंद थांबून धक्का बसला तर सावध व्हा. शहरात फिरा, मग हायवेवर सत्तरच्या आसपास हलक्या पायाने चालवा आणि ती खुर्ची ओढल्यासारखी थरथर शोधा. गिअरबॉक्सखाली ओलेपणा पाहा. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नाही ना, बघा. तेल बदलल्याची पावती मागा, तोंडी आश्वासन नको.

कायद्याचंही भान ठेवा. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीला तीन महिने किंवा ५,००० किलोमीटरची वैधानिक वॉरंटी असते, पण साधारणपणे गाडी दहा वर्षांहून जुनी नसेल आणि १ लाख ६० हजार किलोमीटरच्या आत असेल तरच. आपण ज्या गाड्यांबद्दल बोलतोय त्या बहुतेक या रेषेच्या पलीकडे असतात. खासगी विक्रीत तर तेवढंही कवच नाही. एक चांगली बातमी मात्र आहे. १ जुलै २०२२ पासून इथे असा कायदा आहे, की २००२ पासून बनलेल्या प्रवासी गाड्यांची दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी बाहेरच्या गॅरेजनाही वाजवी दरात विकत द्यायला हवी. त्यामुळे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचायला शोरूममध्येच जावं लागतं असं आता राहिलेलं नाही.

आमची ती गाडी आल्बरीतूनच भंगारवाल्याकडे गेली. आम्ही रेल्वेने सिडनीला पोचलो आणि खिडकीतून दिसणारे कांगारू बघून बाबांचा मूड परत आला. आता दारात दुसरी जुनी गाडी आहे, कारण मोह काही सुटत नाही. पण ती घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात गिअरबॉक्सचं तेल, फिल्टर आणि कूलर बदलला. काही शे डॉलर गेले. सर्व्हिस बुकमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता, म्हणून तारीख आणि किलोमीटर शेवटच्या कोऱ्या पानावर हाताने लिहून ठेवले. तुमच्या गाडीच्या पुस्तकातलं ते पान कोरं असेल, तर या शनिवारी एक फोन करून टाका.